अप्पांच्या चाकाखालचा दगड

अप्पा घराबाहेर पडले की गाडी बंद करत नाहीत. म्हणजे अजिबात नाही. बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले तर गाडी दारात धडधडत उभी. लग्नाला गेले तर गाडी मांडवाबाहेर धडधडत उभी, आणि अप्पा अक्षता टाकून, पंगतीत न बसता बुंदीचा द्रोण घेऊन परत गाडीपाशी. एकदा दाढ काढायला गेले तेव्हा डॉक्टरांनी खिडकीतून बघत विचारलं, बाहेर कुणी घाईत आहे का. अप्पा तोंडातला कापसाचा बोळा सावरत म्हणाले, "न्हाई, गाडी चालू ठिवलीय." कुणी चोरून नेईल ही भीती त्यांना नाही. चोरणारा ती एकदा बंद करेल आणि मग तिथंच टाकून पळेल, असा त्यांचा हिशेब आहे, आणि तो बरोबर आहे.

बंद फक्त एकाच जागी होते, माझ्या फाटकासमोर. आमचं घर नेवाशात, प्रवरेकडं उतरणाऱ्या रस्त्याच्या अगदी माथ्यावर. अप्पांचं घर शेजारी, पण त्यांच्या दारासमोर जमीन सपाट आहे आणि माझ्या दारासमोर उतार सुरू होतो. म्हणून ती सात सीटची गाडी तोंड खाली करून माझ्या दारात उभी असते, पुढच्या चाकाखाली एक काळा दगड लावून. मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं, त्यामुळं सगळं गाव मला बाई म्हणतं. सकाळी सहाला अप्पांची हाक येते, "बाई, दगड काढता का?" मी चहाचं आधण ठेवून बाहेर येते, वाकते, दगड काढते. गाडी आवाज न करता खाली निघते, तिसऱ्या घरापाशी अप्पा गिअर टाकतात, गाडी एक हिसका खाते, काळा धूर सोडते आणि चालू होते. मग खिडकीतून हात बाहेर येतो. ती काच तशीही वर होत नाही.

अप्पा आधी गावाला नळाचं पाणी सोडायचे. पहाटे उठून सायकलवर जायचे आणि सव्वासहाला पहिल्या गल्लीत नळ वाजायचा. लोक त्यावर घड्याळं लावायचे. इतक्या वर्षांत पाण्याला उशीर झाला तो एकदाच, त्यांची बायको गेली त्या दिवशी, आणि तोही अर्धाच तास. मागं राहिली वैशाली, एकुलती एक, तेव्हा माझ्याच वर्गात पाचवीत होती. अप्पांनी तिची वेणी घालायला शिकून घेतली. पहिलं वर्षभर ती वेणी पाण्याच्या पाइपासारखी दिसायची, पण पोरगी शाळेत कधी उशिरा आली नाही.

ही गाडी त्यांनी वैशालीच्या लग्नाआधी महिनाभर घेतली, जुनी. मी म्हटलं, अप्पा, घरात माणसं दोन, त्यातलं एक चाललं सासरी, मग सात सीट कुणासाठी? त्यावर अप्पा म्हणाले, "पंचमीला, दिवाळीला लेकीला आनायला मुराळी जायाला लागतो. पोरगी दिली श्रीगोंद्याकडं. एस्टीच्या दांडीला लोंबकळत आनू व्हय तिला?"  हौसेला मोल नसतं हे मीच मुलींना फळ्यावर लिहून देत आले होते.

आधीचा मालक कुठल्याशा पुढाऱ्याच्या मागंपुढं फिरणारा होता. त्यानं गाडीत निळे दिवे, छातीत धडकी भरवणारे स्पीकर आणि भोंगा बसवला होता. विकताना त्यानं सामान काढून घेतलं, वायरी तशाच सोडल्या, आणि भोंगा सापडला नाही म्हणून राहिला. आता डावा इंडिकेटर लावला की वायपर फिरतात. ब्रेक दाबला की मागच्या सीटवरचा दिवा लागतो. दारांची कुलुपं आपली आपण लागतात आणि आपली आपण उघडतात, आत बसलेल्याचं मत कुणी विचारत नाही. रिव्हर्स टाकला की एखाद्या वेळी तो भोंगा वाजतो. घाटावर एका दशक्रियेला अप्पांनी गाडी मागं घेतली, तेव्हा दीड तास वाट बघायला लावून कावळा नुकताच पिंडापाशी उतरला होता. भोंगा वाजला आणि कावळा प्रवरेपार गेला. मंडळी पुढं दुपारपर्यंत उन्हात बसून होती. त्या घरानं अप्पांना अजून माफ केलेलं नाही.

पण खरं दुखणं बॅटरीचं. कुठूनतरी करंट गळतो, आणि गाडी चार-सहा तास उभी राहिली की किल्ली फिरवल्यावर नुसतं टक् वाजतं. अशा वेळी अप्पा बॉनेटवर हात ठेवून म्हणतात, "आत्ता चालू हुती की." मयताच्या घरी लोक 'आत्ता तर बोलत होते' म्हणतात ना, अगदी त्याच सुरात.

नगरशेजारच्या नागापूरला एमआयडीसीजवळ रशीदभाईंचं दुकान आहे, गाड्यांच्या वायरिंगचं. शांत माणूस. त्यांनी दोन बॅटऱ्या बदलल्या, डायनामो भरला, वायरींना काळी पट्टी गुंडाळली. भोंगा बंद केला तर हॉर्न गेला, हॉर्न आणला तर पुढचा दिवा गेला. शेवटी ते म्हणाले, सगळी वायरिंग उपसून नवी टाकावी लागेल, गाडी आठ दिवस ठेवून जा. अप्पा म्हणाले, न्हाई जमायचं. चार दिवस? न्हाई. बरं, एक मुक्काम? तोही नाही. "मी हितंच बसतो, तुमी करा. फकस्त गाडी बंद करू नका." त्या दिवशी मी सोबत होते, नगरला माझं काम होतं. रशीदभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, चालत्या माणसाचं पोट फाडता येत न्हाई. तुमी जरा समजावा त्यांना."

मी समजावलं. गोडीत सांगितलं, रागावून सांगितलं. आठ दिवस लागू देत, एकदाचं दुखणं जाईल. सरळ विकून टाका म्हटलं, भंगारवाला तरी घेईल. अप्पा ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी सहाला हाक मारायचे. पालथ्या घड्यावर पाणी. या वर्षी माझा गुडघा धरला आणि डॉक्टरांनी वाकायला बंदी केली. तरी मी वाकत होते. मग माझी थोरली बहीण आली, पंचाहत्तर वर्षांची. तिची रिक्षा दारापर्यंत येईना, कारण दारात गाडी. ती बिचारी पिशव्या घेऊन उतारावरून चालत वर आली आणि पायरीवर मटकन बसली. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी तिथंच रस्त्यात अप्पांना बोलले, आणि आता लिहिताना लाज वाटते असं बोलले. म्हटलं, ही गाडी उद्याच्या उद्या रशीदभाईंकडं जाऊ द्या, नाहीतर तुमच्या दारात लावा. आठ दिवस गाडी नसली तर काय आभाळ कोसळणार आहे? तुमच्यावाचून कुणाचं अडलंय?

 अप्पा चाकाजवळच्या त्या दगडाशेजारी उकिडवे बसले. मी आत वळणार, तेवढ्यात ते खालमानेनं बोलायला लागले.

"दोन वर्सं झाली, बाई. दुपारी दोनला पोरीचा फोन आला. म्हनली, अप्पा, गाडी घेऊन येता का. बास, येवढंच. तिनं कदी आसं बोलवलं न्हवतं."

ते निघालोच म्हणून बाहेर आले. किल्ली फिरवली, टक्. सकाळीच फाट्यापर्यंत जाऊन आली होती. आता होईल, आता होईल म्हणत चार वाजले. भाड्याची जीप करावी असं मनात आलं, पण ड्रायव्हर गावातला. लेक बॅग घेऊन माघारी आली हे दिवे लागायच्या आत सगळ्या नेवाशाला कळलं असतं. एस्टीनं आणावं तर नगरच्या स्टँडवर ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच. आपल्या गाडीत आपली लेक आणली तर कोण काय म्हणणार होतं? म्हणून ते गाडीपाशीच राहिले. पाचला पुन्हा तिचा फोन आला. राहू द्या अप्पा, मी सहजच म्हणले होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं अप्पा गेले. तिनं चहा केला, हसली, गावची चौकशी केली. सासूबाई शेवटपर्यंत समोर बसून होत्या. अप्पा चहा पिऊन परत आले.

त्या दिवसापासून गाडी उतारावर आहे.

मी विचारलं, मग नंतर तिला कधी विचारलंत का, काय झालं होतं?

"इचारलं तर सांगंल ती," अप्पा म्हणाले. बोटानं मातीत रेघा ओढत राहिले. "आन् परत बोलवलं तिनं, आन् गाडी आठ दिस नागापूरला पडल्याली आसली तर?"

मी आत गेले. बहिणीला पाणी दिलं की नाही, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वैशालीला फोन लावला. आधी इकडचंतिकडचं झालं. तिचं बाळ आता वर्षाचं आहे, भिंतीला धरून उभं राहतं. मग मी सरळ विचारलं, वर्गात विचारायचे तसं.  दार लोटल्याचा आवाज आला.

"मी पिशवी भरली होती, बाई," ती म्हणाली. "त्यानं हात उचलला होता. कायमचीच निघाले होते." अप्पांनी त्या दिवशी फोन बंद न करताच खिशात टाकला होता. तिला सगळं ऐकू येत होतं. किल्लीचं टक् टक्, बॉनेट उघडल्याचा आवाज, आणि अप्पा गाडीला हात जोडल्यासारखे म्हणत होते, चल गं माय, पोरीनं बोलवलंय. "पाऊण तास ऐकलं मी. मग वाटलं, एवढ्यानं या माणसाची अशी दशा झाली, आणि मी पिशवी घेऊन कायमची दारात उभी राहिले तर त्यांचं काय होईल. मी पिशवी रिकामी केली."

आणि आता, मी विचारलं.

"आता आहे तसं आहे."

मी म्हटलं, तू फक्त हाक मार, गाडी असो नसो, मी एस्टीनं येईन, लोकांचं काय ते मी बघते. ती हो म्हणाली. मुली बाईंना म्हणतात तसं. अप्पांना यातलं काही सांगायचं नाही असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. त्यांना मी सहज बोलवलं असंच वाटतंय, तसंच वाटू द्या, म्हणाली. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "बाई, गाडी चालू असते ना त्यांची?"

ती गाडी काय आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? मी म्हटलं, रोज सकाळी चालू होते गं. दगड मीच काढते.

गेल्या महिन्यात मी माझं फाटक काढून बोळाच्या बाजूला बसवून घेतलं. रिक्षा आता तिकडून येते. पुढची चांगली जागा सोडून इकडं कशाला, असं गवंड्यानं दोनदा विचारलं, मी त्याच्यापुढं चहा ठेवला. बाईंनी वास्तू बघून फाटक फिरवलं, असं अप्पा गावभर सांगत असतात. आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या माझ्यासारख्या बाईबद्दल लोक आता काय बोलत असतील ते बोलू देत.

गुडघा दुखतो. सहाच्या आधीच मी बाहेर जाऊन उभी राहते.