अंत्यदर्शनाच्या दारातलं हसू

अंत्यदर्शनाच्या हॉलच्या दारात उभं राहून, पडेल चेहऱ्याने लोकांना आत सोडणं हे ढोल्याचं काम. पगार त्या चेहऱ्याचाच होता. पण चेहऱ्याखालचा बाकीचा ऐवज पेलताना गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा बायकोने त्याला डॉक्टरांकडे नेलं.

"या गोळीत दोन औषधं आहेत," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही मिळून भूक मारतात. त्यातलं एक एरवी उदास माणसांना देतात."

"ते नको. उदासपणावरच घर चालतं माझं."

"सुटं मिळत नाही."

भूक मेली. पाठोपाठ उदासीही गेली. पँट सैल झाली आणि न बोलावता गालावर हसू येऊन बसलं. एका विधवेला तो "या, या, आत छान गार आहे" म्हणाला, तेव्हा मालकाने त्याला शवपेट्यांच्या मागे ओढलं.

"मयताला आलेत लोक, लग्नाला नाही!"

"तोंड पाडायला बघतोय, मालक. पडतच नाही."

"संध्याकाळपर्यंत पाड. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

संध्याकाळी, आयुष्यभर घरादाराला छळून गेलेल्या एका सासऱ्याचा देह आला. मागे सुना. डोळे ठणठणीत कोरडे, एकमेकींकडे बघून रडायचा सराव चाललेला. ढोल्याने दार उघडलं, जिवाच्या आकांताने ओठ दाबले आणि तरी हसला. थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. मग तीही हसली. मग अख्खा हॉल मोकळेपणाने हसू लागला.

"तुमचा माणूस अगदी देवासारखा," निघताना ती मालकाला म्हणाली. "सासूबाईंच्या वेळीही हाच हवा."

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. "मला चालेल," त्या म्हणाल्या.

बातमी पसरली. गावात नकोशी माणसं किती होती, हे मालकाला तेव्हा कळलं. त्याने ढोल्याचा पगार वाढवला.

"पण हसू जरा जरी ओसरलं, तर गाठ माझ्याशी आहे."

पुढच्या तपासणीला डॉक्टर खूश. "वजन उतरलं, गुडघे सुधारले. आता गोळी बंद."

"बंद? मग मी हसू कशाच्या जोरावर?"

"ते माझ्या खात्यात येत नाही. वजन पुन्हा वाढलं तर या."

ढोल्या तडक कोपऱ्यावरच्या बेकरीत गेला. घरी येऊन टेबलाशी बसला आणि भूक नसताना केक गिळू लागला.

"अहो, हे काय चाललंय?" बायको ओरडली.

"ओव्हरटाइम," तो रडवेल्या आवाजात म्हणाला आणि दुसरा केक पुढे ओढला.