राखाडी गट

माझ्या घराच्या मधोमध दूरध्वनी कंपनीची एक सीमारेषा जाते, हे मला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळले. स्वयंपाकघर हिरव्या विभागात येते आणि बैठकीची खोली निळ्यात. कोणाचा फोन आला की कंपनी मला एका रंगात शोधते, आणि तोवर मी दुसऱ्या रंगात जाऊन बसलेली असते. फोन वाजतच नाही.

एरवी मी दुर्लक्ष केले असते. परंतु दहा वर्षे अबोला असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीने निरोप पाठवला होता : गुरुवारी शस्त्रक्रिया आहे, बुधवारी अकरा वाजता फोन करीन. मी सोमवारीच कंपनीच्या कार्यालयात दाखल झाले.

नियोजन अभियंत्याने संगणकावर गावाचा नकाशा उघडला. सारे विभाग रंगांच्या गटांत नीटनेटके लावलेले होते.

"आजी, तुमच्याकडून फोन लागतो ना? मग तुम्हीच करा की बहिणीला."

"आजी मी माझ्या नातवंडांची. आणि फोन धाकटीने करायचा असतो, आमच्या घरचा शिरस्ता आहे. तुम्ही रेषा सरकवा."

"रेषा सरकली की गट बिघडतो, बाई. साहेबांनी नकाशा रंग बघून मंजूर केलाय."

"मग माझ्या घराला वेगळा गट द्या."

"गटात किमान तीन विभाग लागतात."

त्याने क्षणभर विचार केला आणि केवळ सेवाभावाने माझ्या घराचे तीन विभाग पाडले : स्वयंपाकघर, बैठक, न्हाणीघर. गट नियमात बसला. रंग उरला नव्हता, म्हणून राखाडी दिला. तेवढ्यात मागून जाणारे साहेब थबकले.

"तिथं काय डाग पडलाय?"

अभियंत्याने तत्परतेने 'गट लपवा' ही कळ दाबली.

"झालं, बाई. आता नकाशावर तुमच्या घराची एकही तक्रार नाही."

"आणि घर?"

"'दाखवा' केलं की दिसतं. पण त्याला साहेबांची सही लागते."

तक्रारीचे निवारण झाल्याची पोच मला सन्मानपूर्वक देण्यात आली.

बुधवारी मी साडेदहापासून बैठकीत बसले. सव्वाअकराला फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. न्हाणीघरातही उभी राहिले. पावणेबाराला, आमच्या घराण्यात प्रथमच, थोरलीने धाकटीला फोन लावला. पहिल्याच घंटेला तिने उचलला.

"सात वेळा केला गं, ताई! हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणतात."

मी तिला रेषा, गट, राखाडी रंग, सारे सविस्तर सांगितले. कंपनीला चार शब्दही सुनावले.

"बरं," ती म्हणाली, "मग आधीची दहा वर्षं कोणत्या कंपनीची रेषा होती, ताई?"

"निघालेच मी तुझ्याकडे," एवढेच मी म्हणाले.

त्या अभियंत्याविरुद्ध लिहिलेला अर्ज अजून माझ्याच टेबलावर आहे. आपले हसून झाले असेल, तर आपल्या फोनमध्ये आवाज बंद करून ठेवलेली नावे एकवार पाहावीत. तिथे 'दाखवा' करायला साहेबांची सही लागत नाही.