हर्ण्याला नेलेला मांगूर

आमच्या गावचे दाजी शिगवण माणसांना अरे-तुरे करीत आणि माशांना अहो-जाहो. तळ्याच्या बांधावर गळ टाकून बसले की पाण्याला सांगत, "या, या. घाई नाय. गांडूळ ताजा हाय." मी गावचा शाळामास्तर, पण मला मात्र, "ए मास्तर, तुजी सावली काढ तिकडं!"

मी बाजूला सरके आणि बघत राही. पाण्यावर बुडबुडा आला की खाली कोण आहे ते दाजी सांगत. "मरळ" म्हणाले की मरळच निघे. दोन-दोन तास ते असे निश्चल बसत, की एकदा त्यांच्या खांद्यावर खंड्या बसून गेलेला मी या डोळ्यांनी पाहिला. गावाला हे खरे वाटत नाही. गाव गेले उडत.

समुद्राच्या माशांचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. "मिठात लोळलेलं त्ये. त्याला कसली चव?" आणि आईवेगळी एकुलती एक लेक पडली नेमकी हर्ण्याला, जिथे रोज संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचे ढीग लागतात! लग्नाला चार वर्षे झाली तरी दाजी तिकडे फिरकले नव्हते.

एक दिवस जावयाचे कार्ड आले. मीच वाचून दाखवले. लेकीला दिवस गेले होते, पोटात अन्न ठरत नव्हते, बंदराच्या वासानेच उलट्या होत होत्या. तिला एकच डोहाळा लागला होता, बाबांच्या तळ्यातला मांगूर.

दाजी लगेच गळ घेऊन बसले. आणि काय सांगू, चार दिवस एक मांगूर फिरकेल तर शपथ! पाचव्या दिवशी त्यांनी गळ खाली ठेवला आणि पाण्याला हात जोडले. "अवो, लेकरू उपाशी हाय माजं." मग त्यांनी पुन्हा गळ टाकला. संध्याकाळी दोर ताणला गेला. हातभर लांब, काळाकुळकुळीत, मिशाळ मांगूर! दाजींनी आधी नमस्कार केला, मग गळ सोडवला.

मांगूर थोड्या पाण्यातही तग धरतो. त्याला हंड्यात घालून दाजी आगबोटीत चढले, सोबतीला मी. समुद्राचा थेंबही आत पडू नये म्हणून हंड्यावर त्यांनी स्वतःचे मुंडासे बांधले होते. हर्ण्याला उतरलो तेव्हा मासळीचा लिलाव ऐन रंगात होता. हंड्यात डोकावून कोळणी पोट धरून हसल्या.

"आजोबा, हर्ण्याला मासा आणलात?"

"तुमच्याकडं असता तर आनला असता कशाला?"

लेकीच्या दारात हंडा ठेवून दाजी अंगणातच बसले. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे पाणीदेखील पिऊ नये, ही आमच्याकडची रीत. तिने भरला तांब्या पुढे केला, दाजींनी मान हलवली, ती डोळे पुसत आत गेली. "ह्ये बगवत नाय म्हनून येत नव्हतो मास्तर," ते हळूच म्हणाले.

दिवेलागणीला आत मांगूर शिजला. लेक जेवायला बसली. दाजी अंगणात भिंतीला टेकून कान देऊन ऐकत होते.

"बाय, काटं बगून खा गो."

लेक आतून हसली. "बाबा, मांगराला कुटं बारीक काटं असतात? तूच सांगितलंस ना मला!"

सगळ्या तळ्याची खडान्‌खडा माहिती असलेला तो माणूस भिंतीला आणखी जवळ सरकला.

"तरी बगून खा," दाजी म्हणाले.