बुडबुडा दिसला की हाक मारा

धर्मादादांच्या घरी पाणी वर चढताना दिसतं. विहिरीवरच्या पंपापासून गच्चीतल्या टाकीपर्यंत त्यांनी पारदर्शक नळी टाकली आहे. सकाळी पंप सुरू केला की ते अंगणात उभे राहतात आणि पाणी वर पोचेपर्यंत मान वर करून पाहतात. उन्हानं त्या नळीला शेवाळ धरतं, ती सारखी बदलावी लागते. पण साधा पाइप ते घेत नाहीत. "लोकांच्या घरात सकाळी देवाची आरती, आमच्याकडं पान्याची," यमुनावहिनी म्हणतात. त्यांच्या स्वयंपाकघरातले डबेही झाडून सगळे काचेचे आणि चहा काचेच्या ग्लासात. स्टीलच्या पेल्यातून दिलेलं काहीही धर्मादादा पीत नाहीत.

"आत काय चाल्लंय ते दिसलं पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं.

धर्मादादा चौक गावचे, माझे शेजारी. भातशेती अजून करतात. हायवेवरच्या गॅरेजांत हात काळे करून शिकले आणि आता खालापूरच्या बाजूला कार्टिंगच्या ट्रॅकवर कामाला आहेत. कार्ट म्हणजे जमिनीला घासत पळणारी, बुटकी, बिनछपराची शर्यतीची गाडी. शनिवार-रविवारी शहरातली मंडळी हेल्मेट चढवून त्या पळवायला येतात. ट्रॅकवर टायरचा माणूस वेगळा, इंजिनाचा वेगळा. धर्मादादांकडे फक्त पेट्रोलचा रस्ता. टाकीतून नळी, मग फिल्टर, पंप आणि कार्बोरेटर. त्यापलीकडे ते बघत नाहीत. एकदा एका गाडीचं चाक निखळून गडगडत त्यांच्या पायाशी आलं. त्यांनी ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि म्हणाले, "हे माझं नाय रं. त्याला बोलवा."

पेट्रोलचा कॅन आला की आधी ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत थोडं काढतात आणि उजेडाकडे धरतात. तळाला पाण्याचा थेंब किंवा कचऱ्याचा कण दिसला की अख्खा कॅन परत. त्यात तडजोड नाही. ट्रॅकचे मालक समोर उभे असले तरी नाही.

एक गाडी दोन-तीन फेऱ्या मारून मरायची आणि जरा विसावली की पुन्हा चालायची. इंजिनवाल्या रफिकनं इंजिन उघडलं, जोडलं, परत उघडलं. धर्मादादांनी नुसतं टाकीचं झाकण सैल केलं. हुश्श करून हवा आत गेली. झाकणाच्या बारीक भोकात कुंभारीण माशीनं चिखलाचं घर बांधलं होतं. हवा आत जायला वाटच नाही, तर पेट्रोल बाहेर येणार कसं?

"मग मी दोन दिवस काय करत व्हतो?" रफिकनं विचारलं.

"व्यायाम," धर्मादादा म्हणाले.

आम्ही शेजारी असलो तरी माझी त्यांची खरी ओळख इस्पितळात झाली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस, नमस्कारापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. माझी पत्नी सुमन अखेरच्या आजारात पडून होती, तेव्हा ते भेटायला आले. कसं वाटतंय वगैरे काही विचारलं नाही. स्टूल ओढून बसले आणि सलाइनच्या नळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बुडबुडा नाय. चांगली बसवलीय." सुमन हसली. तिला हसताना मी पुष्कळ दिवसांनी पाहिलं.

ती गेली आणि मी दार उघडेनासा झालो. यमुनावहिनी डबा ठेवून जायच्या, तो तसाच परत जायचा. मुलगी पुण्याहून फोनवर रडायची. एक दिवस धर्मादादा दारात उभे राहिले.

"सर, चष्मा घ्या नि चला. मला डोळा कमी पडतोय."

ट्रॅकवर सात नंबरच्या गाडीच्या नळीत कुठून तरी हवा शिरत होती. त्यामुळे ती धावताना अडखळायची. तिला स्टँडवर चढवून इंजिन चालू करायचं आणि मी बाकड्यावर बसून नळीकडे पाहायचं. बुडबुडा दिसला की हाक मारायची आणि तो कोणत्या बाजूनं आला ते सांगायचं. मी रोज सांगायचो, "टाकीकडून." ते रोज "हं" म्हणून भलत्याच टोकाची काहीतरी वस्तू बदलायचे. आज क्लिप, उद्या फिल्टर. "एका दिवशी एकच बदलायची. नायतर कळनार कसं?" हे मला पटायचं.

मी रोज जाऊ लागलो. डबा तिथेच, नळीसमोर, खाऊ लागलो. कधीतरी सुमनबद्दल बोलू लागलो. नळीकडे बघत बोलणं सोपं असतं, कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. धर्मादादा पाना फिरवत ऐकायचे.

मालकांचा मात्र धीर सुटत चालला होता. येता-जाता ते धर्मादादांना बोलायचे. शेवटी त्यांनी बजावलं, दिवाळीच्या सुट्टीआधी सात नंबर धावली नाही तर ती भंगारात जाईल. मला त्या गाडीची काळजी लागली. कशाचीही काळजी वाटणं मी विसरूनच गेलो होतो.

ठरल्या दिवशी सकाळी भंगारवाल्याचा टेंपो येऊन उभा राहिला. धर्मादादा खाली बसले. खिशातून त्यांनी बोटभर नळीचा तुकडा काढला, न बघता सीटखाली हात घातला, टाकीजवळचा चिरलेला तुकडा काढून नवा बसवला. इंजिन सुरू केलं. नळीत पेट्रोल काचेसारखं स्वच्छ. मी वाट पाहिली. एकही बुडबुडा नाही. टेंपो रिकामा परत गेला.

"दादा," रफिक म्हणाला, "ही चीर तर पयल्याच दिवशी गावली व्हती ना? तुमीच बोल्लात, राहू दे."

पेट्रोलातल्या कणासाठी कॅन परत पाठवणारा हा माणूस इतके दिवस फाटकी नळी हाताखाली ठेवून, मालकांची बोलणी खात बसला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाना पुसत होते.

"तुमी जेवाया लागला व्हता," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "नि मी काय करतो ते एवढं बघत कोन बसतं, सर? इतक्या वर्षांत कोनी नाय."

ते उठले आणि नऊ नंबरची गाडी ढकलत बाकड्यासमोर आणू लागले. तिला काय झालंय, ते मी विचारलं नाही.