लाल गाडीचा चौथा बिघाड

वॉरंटीच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. गाडीसोबत मिळणारं वॉरंटीचं चोपन्न पानी पुस्तक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं आहे! ज्याने ते लिहिलं, त्यानेही मधली पानं गाळली असावीत असा माझा अंदाज आहे. आणि त्यातच, पान एकेचाळीसवर, मला खजिना सापडला : एकच बिघाड वॉरंटीत चार वेळा झाला, तर कंपनी जुनी गाडी घेऊन नवीकोरी देईल!

माझी गाडी तीनदा बिघडून झाली होती. वॉरंटी एकतीस मेला संपत होती. म्हणजे मला हवा होता फक्त एक बिघाड. लोक बारावीच्या निकालाची वाट पाहतात, तशी मी हॉर्नची वाट पाहत होतो.

हॉर्न अशासाठी, की बिघाडाची सुरुवात तिथूनच व्हायची. गाडी लाल, स्पोर्ट्स, दोन सीटची, आणि जमिनीला इतकी लागून की मानकापूरच्या आमच्या गल्लीतला गतिरोधक ती पोटावर सरपटत पार करते. म्हणून मी रामदासपेठेतल्या ऑफिसात बाबांच्या जुन्या स्कूटरवर जातो आणि स्पोर्ट्स कार घरी पोर्चमध्ये विश्रांती घेते. नागपूरच्या उन्हात डांबर चपलेला चिकटतं हो, त्यात तिला बाहेर काढू?

तर ती उभ्या उभ्या बिघडायची. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी घरी येतो तर बाईसाहेब आपोआप हॉर्न देतायत, काचा वर-खाली करतायत आणि वायपर चालू! पंचेचाळीस डिग्रीत वायपर! शेवटी एका ट्रकच्या पाठीवर चढवून तिला वाडीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. अमरावती रोडवर ती ट्रकवर बसल्या बसल्या हॉर्न मारत होती आणि पुढचे ट्रकवाले आमच्या ट्रकला शिव्या देत साइड देत होते.

सर्व्हिस सेंटरच्या थंडगार हॉलमध्ये चार दिवस राहिली की ती गुणी मुलीसारखी वागायची. तिथला मोहित दरवेळी एक वायरिंग बदलायचा आणि म्हणायचा, "भाऊ, आमच्याकडे तर एकदम ओके चालून राहिली."

तिसऱ्या वेळी मात्र त्याने मला बाजूला घेतलं. "भाऊ, राग नका मानू. आत पाणी दिसून राहिलं. गाडी पुरात गेली होती का?"

"पुरात? मे महिन्यात? नागपुरात?" मी ओरडलो. "आमच्या नळाले एक दिवसाआड पाणी येते बे! पूर आला तर आम्ही बादल्या घेऊन धावू!"

"नाही, पाणी गेलं असलं तर वॉरंटी खतम होते. म्हणून विचारलं."

"लिहून घे! पाण्याचा थेंब लागलेला नाही!"

त्याने लिहून घेतलं. मी खाली सही केली. दोन रेघा मारून.

आता आमच्या बाबांची ओळख करून देतो. बाबनराव सोनकुसरे. कोराडीच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं नोकरी. ते निवृत्त झाले, पण त्यांची शिफ्ट काही संपली नाही. तासातासाला नोंद करायची सवय हाताला इतकी लागलीय की घरात सिलिंडर केव्हा लावलं, मिक्सर किती मिनिटं चालला, सगळं वहीत असतं. आईचं बीपी तपासलं की लिहितात, "प्रेशर एकशे तीस, लोड नॉर्मल."

गाडी आली त्याच दिवशी मी त्यांना सांगितलं होतं, "बाबा, दिवसभर मी नसतो. गाडीवर लक्ष ठेवा."

"चिंताच करू नको गा. मशीन आहे ना? तिचं लॉगबुक ठेवतो."

मी निर्धास्त झालो. आई मात्र कुरकुरायची. "अवो, हॉलमधला कूलर पोर्चात काहून नेऊन ठेवला? मी दुपारी इथं भाजून राहिली!"

"मले पोर्चात बसा लागते, सिंधू. ड्युटी आहे."

"अन् टाकीतलं पाणी चार वाजताच कसं संपते?"

"उन्हाळा आहे वं!"

बापाची ही निष्ठा पाहून माझे डोळे भरून आले. डोळ्यांसमोरचं काही दिसू नये इतके भरून आले, हे नंतर कळलं.

सव्वीस मे! गल्लीच्या तोंडाशीच मला हॉर्न ऐकू आला. मी स्कूटर उलटी वळवली, पावभर पेढे आणले आणि शेजारी वाटले.

"काय झालं गा चेतन? लग्न जमलं का?" प्रयागबाईंनी विचारलं.

"नाही काकू, गाडी बिघडली!"

त्यांनी पेढा घेतला, पण दोन पावलं मागे सरकून.

तीन दिवसांनी कंपनीच्या मोठ्या इंजिनियर, नंदिनी मॅडम, पुण्याहून थेट घरी आल्या. सोबत मोहित. गाडीभोवती दोन चकरा मारून मॅडम म्हणाल्या, "बदलून द्यायला हरकत दिसत नाही. फक्त गाडी घरी कशी ठेवली जाते, याची काही नोंद आहे का?"

नोंद! मी छाती फुगवली. "मॅडम, कोराडीच्या शिस्तीतली तासातासाची नोंद आहे! बाबा, वही आणा!"

इथे एक कबुली देतो. चोपन्न पानी पुस्तक मी वाचलं होतं. ही वही वाचली नव्हती.

मॅडमनी सव्वीस मेचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या.

"अकरा वाजता : बोनेट हाताला चटका. कूलर गाडीच्या तोंडासमोर सुरू केला. बारा : कूलरची खस कोरडी, दोन बादल्या पाणी टाकले. एक : गारवा आतपर्यंत पोचत नाही, सबब गाडीच्या पुढच्या जाळीतून पाइपने फवारणी. दोन : गाडी थंड, स्थिती समाधानकारक. तीन : गाडीने हॉर्न दिला. उत्तर दिले नाही."

मोहित छताकडे पाहू लागला.

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या, "हे पाणी तुम्ही रोज..."

"मग! बत्तीस वर्षं एवढाल्या मशिनी गरम होऊ देल्या नाही, ह्या खेळण्याले होऊ देईन का?"

"पण ती हॉर्न वाजवायची ना?"

"मले वाटलं, बरं वाटून राहिलं तिले."

मोहितने फाइलमधून एक कागद काढून मॅडमना दिला. त्यावरच्या दोन रेघा मला लांबूनही ओळखू आल्या.

नवी गाडी गेली. जुनीची उरलेली दोन दिवसांची वॉरंटीही गेली. मॅडम निघाल्या तेव्हा बाबांनी वही पुढे केली. "निरीक्षण झालं ना? सही करा." त्यांनी सही केली आणि शेरा लिहिला, "नोंदी अत्यंत अचूक." तो शेरा बाबांनी आजवर अख्ख्या गल्लीला दाखवलाय. बत्तीस वर्षांत एकाही साहेबाने असं लिहून दिलं नव्हतं, म्हणे. तेवढ्यासाठी त्यांना माफ केलं.

गाडी मी गल्लीत, टळटळीत उन्हात उभी केली. दोन दिवसांत खडखडीत वाळली. आता हॉर्न मी दाबल्याशिवाय वाजत नाही. कूलर आईने हक्काने हॉलमध्ये आणला, बटन दाबलं, आतून "फट्" असा आवाज आला आणि जळका वास सुटला. मोटार गेली!

पण घाबरायचं कारण नव्हतं. कूलर वॉरंटीत आहे, आणि वॉरंटीच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. मी लगेच दुकानात फोन केला. आज त्यांचा माणूस आला, कूलर उघडून बघितला आणि त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, एका सीझनमध्ये एवढा घासला? घरातच वापरला ना? वापराचा काही रेकॉर्ड आहे का?"

मी खुर्चीतून उठेपर्यंत बाबा वही आणायला आत गेलेसुद्धा होते.