राजवाड्याच्या दारातल्या वन्सं

आमच्या वन्सं रस्त्यात पडलेली वस्तू ओलांडून जात नाहीत. शिवमंदिराला जाऊन येईतो पिशवीत छत्रीची काडी, एकुलतं घुंगरू, बरणीचं झाकण असं काहीबाही जमतं. "अहो, टाका ना ते," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "राहू दे वहिनी, अडेल तिथे लागेल."

ही खोड त्यांना कॉम्प्युटरवरच्या खेळानं लावली. वन्सं म्हणजे माझी नणंद. इथल्याच कारखान्यात टायपिस्ट होत्या, लग्न केलं नाही, आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. खेळ इंग्रजीत आहे, पण मला त्या मराठीत ऐकवतात. एक धांदरट न्हावी राजाची हरवलेली मिशी शोधत हिंडतो. मारामारी नाही, घाई नाही. सापडेल ते उचलायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. मुळ्यानं कुलूप उघडायला गेलात तर न्हावी म्हणतो, "मुळा लाजला." चुकलं तरी खेळ रागावत नाही हो, उलट हसवतो. असं माणसांत कुठे असतं?

भजनातल्या बायका म्हणाल्या, "या वयात जपमाळ धरावी."

"धरली की!" वन्सं म्हणाल्या. "खेळात सापडली. माकडाला दिली, त्यानं शिडी दिली. तुम्हाला काय मिळालं?"

पण गेलं दीड वर्ष त्या राजवाड्याच्या दारातच अडकलेल्या. तिथला जाडा पहारेकरी आत सोडेना. माझा संजू बदलापूरहून आला की म्हणायचा, "आत्या, नेटवर उत्तर आहे. दोन मिनिटांचं काम."

"खबरदार! माझं दार आहे, मी बघीन."

गेल्या रविवारी मी नि संजू वर त्यांच्याकडे बसलो होतो. त्या चहा टाकायला गेल्या आणि यानं फोनमध्ये बघून पहारेकऱ्याला आंबट ताक पाजलं. पहारेकरी पोट धरून पळाला. दार सताड उघडं.

"आत्या, जिंकलीस!"

वन्सं ट्रे धरून उभ्याच. "ताकाचं मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग थांबलीस कशाला?"

"रोज चारला गेलं की तो म्हणायचा, 'आलात? आज उशीर केलात.' दुसरं कोण म्हणतं रे?"

आणि मी? मी खालच्याच मजल्यावर राहते. ट्रेमधल्या कपांकडे बघत बसले.

वन्संनी ट्रे ठेवला, चष्मा पुसला आणि खेळ पहिल्यापासून सुरू केला.

"अगं, परत तिथवर जायला वर्ष जाईल!"

"जाऊ दे. त्याला हाकललंत तुम्ही, परत आणीन मी. आणि या खेपेला ताक मोरीत ओतणार."

सोमवारी मी स्टूल घेऊन वर गेले. जिन्यात दोनदा टेकले. वन्संचं दार उघडंच होतं. न्हावी कुठल्याशा विहिरीत डोकावत होता. वन्संनी मान वळवली नाही.

"आलात?" त्या म्हणाल्या. "आज उशीर केलात, वहिनी."