कोरडे रॉड आणि गौरीच्या चकल्या

गौरींचं लोखंडी स्टँड मी स्वतःच्या हातानं वेल्ड करणार, असं शहाऐंशी साली मी घरात जाहीर केलं. आदल्या वर्षी स्टुलावरची आमची धाकटी गौर तिरकी झाली होती, आणि रेल्वे वर्कशॉपातून रिटायर झालेले माझे सासरे, अण्णा, सगळ्यांदेखत म्हणाले होते, "जावईबापूंना फक्त पेन धरता येतं." (मी बेलापूरला कारकून. पेनसुद्धा सरकारी.) यंदा त्यांच्याकडून शाबासकी घ्यायचीच होती.

कोपरखैरण्याला सीतारामची वेल्डिंगची शेड होती. तो शिकवायला तयार झाला.

"गंज घासून काढा. अर्थिंगचा चिमटा कोऱ्या लोखंडावर लावा, रंगावर नको. करंट बेताचा. नि वेल्डिंगचा रॉड कोरडा पायजे, दमट झाला का जोड धरत नाय. माजी शेड गलते, रॉड तुमच्याच घरी ठेवा."

आमचा फ्लॅट खाडीकाठी. भाद्रपदात तिथे काडेपेटीसुद्धा सादळते. खात्रीची कोरडी जागा एकच, माझ्या बायकोचा, वैजयंतीचा, घट्ट झाकणाचा चकल्यांचा डबा! ती शेजारी गेल्याचं बघून मी चकल्या परातीत काढल्या, परात माळ्यावर ढकलली आणि डब्यात रॉड ठेवले. एका रात्रीचाच तर प्रश्न होता.

रविवारी शेडमध्ये पहिले दोन रॉड लोखंडाला चिकटून बसले.

"साहेब, दाबता काय? टेकवा नि उचला!"

तिसऱ्याला मात्र तळणीसारखा एकसारखा चर्र आवाज आला. वरची खपली ठोकून काढली, तर खाली सरळ, चकचकीत जोड! लग्नातही मला एवढा आनंद झाला नव्हता. (वैजयंती हे वाचणार नाही.) घरी येऊन चकल्या गुपचूप डब्यात भरल्या.

गौरी आल्या. अण्णांनी स्टँड गदागदा हलवून पाहिलं.

"कुणी केलं?"

"मी."

"हात बसलाय हो तुमचा!"

मी हवेत. तेवढ्यात अण्णांनी चकली मोडायला घेतली. ती मोडेना, नुसती वाकली.

"वैजू, चकली वातड कशी गं?"

"घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या होत्या हो!"

अण्णांनी डब्याच्या तळाशी बोट फिरवलं आणि करड्या रंगाची एक कपची वर काढली.

"हे तर वेल्डिंग रॉडचं कवच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गौरीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी वैजयंतीनं लोखंडी पेटी पुढ्यात ठेवली. "अहो, हिला कडीकोयंडा जोडून आणा. तेवढं तुम्हाला छान येतं."

तेव्हापासून चकल्या त्या पेटीत आणि चावी तिच्या कमरेला. अण्णा दरवर्षी कोयंडा हलवून बघतात आणि मान डोलावतात. ते गेले की मीही हलवून बघतो. जोड अजून पक्का आहे.